आज्जीच्या वाकळीत हिमरूचा तुकडा निघाला (आणि एकूणच जुन्या वस्तूंचा नाद)

वाकळवाली
नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय आणि तो लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

मी मूळची औश्याकडची, आता संभाजीनगरात. दिवाळीत गावाकडून आज्जीची वाकळ, म्हणजे गोधडी, उचलून आणली. पार विरलेली, वरचा थर इरकली लुगड्याचा, त्यातले काठ तेवढे शाबूत. धुवायला टाकायच्या आधी म्हटलं एक कोपरा उसवून बघावं आत किती कुजलंय. पहिला थर लुगडं, दुसरा धोतर, तिसरा परत लुगडं, बसून बसून मधोमध जाळी झालेलं, आणि त्याच्याखाली हाताला एकदम गार गुळगुळीत काहीतरी लागलं. मला आधी वाटलं प्लास्टिकची पिशवी, आमच्याकडं हल्ली त्यापण भरतात. बघते तर दोन तळहातांएवढा हिमरूचा, म्हणजे आपल्याकडच्या त्या सूत-रेशमाच्या नक्षीदार कापडाचा, तुकडा! जांभळी जमीन, त्यावर हरभऱ्याच्या दाण्याएवढी पिवळट फुलं, आणि रंग असा की घडीत झाकून राहिल्यामुळं काल रंगवल्यासारखा. एका बाजूची कड गोल कापलेली, त्या गोलाईला आतून नेफ्यासारखी बारीक दुमड आणि दुमडीत नाडीचा बोटभर तुकडा अडकलेला.

घरात आधीच सात अडकित्ते, नऊ इरकली, एक कडीचा डबा ज्याचं झाकण दुसऱ्याच डब्याचं आहे, अशी माझी कीर्ती आहे. नवऱ्यानं फक्त वर बघितलं आणि परत मोबाईल बघायला लागला.

तर प्रश्न असा, तुकडा बाहेर काढून फ्रेम करू का वाकळीत तसाच ठेवू? आणि तुमच्याकडं काय काय निघालंय तेही लिहा.

गंजगोलाई
ताई लई भारी. फ्रेम करा, पण वाकळीचं काय मग, तिला तर भोक पडलं.

आमच्याकडं घंगाळांचा विषय आहे. तिसरं आणलं तेव्हा आमच्या मंडळींनी सांगितलं, चौथं आणलंत तर त्यातच आंघोळ आणि त्यातच झोपायचं. चौथं सध्या मित्राच्या गोदामात आहे, कृपया हा धागा आमच्या घरी कुणी दाखवू नये.

कोष्टीआळी
हिमरूच आहे याची खात्री करा, मशरू पण असू शकतो. मशरूची दर्शनी बाजू सलग रेशमी, चकचकीत, आणि अंगाला लागणारी बाजू सुती. हिमरूत ताणा म्हणजे उभे धागे सुताचे, नक्षी रेशमाच्या जादा बाण्यानं म्हणजे आडव्या धाग्यानं उठवलेली, म्हणून उलट बाजूला ते रेशीम सुटं लोंबत राहतं. त्या सुट्या धाग्यांमुळंच जुना हिमरू आतून इतका मऊ आणि उबदार लागतो, रजईसारखा. किनखाब या भारी रेशमी कापडात चांदी-सोन्याची जर असते, ती परवडत नाही म्हणून त्याच्यासारखं दिसणारं हे, अशी एकूण गोष्ट. मुहम्मद तुघलकानं १३२७ च्या सुमारास राजधानी दौलताबादला हलवली तेव्हा कारागीर इकडं आले असं आपल्याकडं सांगतात.

उलट बाजूचं नीट बघून सांगा. आणि देवाशप्पथ पाणी लावू नका.

वाकळवाली
उलटून बघितलं, सुटे धागेच आहेत, पण दाबून दाबून धोतराला चिकटल्यासारखे झालेत. म्हणजे हिमरू. पाणी लावलं नाही (लावणारच होते, तुमचं वाचून बादली परत ठेवली).

अडगळीची_खोली
ती गोल कड म्हणजे बंडीचा नाहीतर शेरवानीचा मुंढा असणार, म्हणजे बाहीचा घेर. निजामाच्या काळात कचेरीत नोकरी म्हणजे शेरवानी लागायचीच. तुमच्या घरात कुणी पटवारी वगैरे होतं का?

कोष्टीआळी
मुंढ्याला नेफा कशाला असेल हो? नाडी आहे म्हणतात त्या.

पितळी_डबा
मी कपड्यातला नाही, भांड्यातला. रविवारी संभाजीनगरातला जाफर गेटचा बाजार, पुण्याला गेलो तर जुना बाजार, हैदराबादला गेलो तर गुरुवारी जुमेरात बाजार, आणि मार्गशीर्षात नांदेडकडच्या माळेगावची यात्रा चुकवत नाही. माळेगावला लोक घोडे-उंट बघायला जातात, मी बैलांच्या घागरमाळा बघत फिरतो. (बैलांची फॅशन माणसांपेक्षा जुनी आणि जास्त टिकाऊ, हे माझं मत.)

माझा नियम एकच, नाव कोरलेलं भांडं दिसलं की घ्यायचं. आपल्याकडं लग्नातल्या भांड्यावर ठिपक्याठिपक्यानं नाव घालायचे ना, कुणाकडून कुणाला भेट, गाव, साल. मागं जालन्याला भंगारवाल्याकडं एक चरवी मिळाली, पितळेच्या भावात किलोवर, चारशे साठ रुपये झाले. ती मोडीत चालली होती, म्हणजे दोन दिवसांनी तिचा नळाचा कॉक झाला असता. तिच्यावर मामानं भाचीला दिल्याचं कोरलंय आणि भाचीच्या नावात एक अक्षर चुकलंय, मग कारागिरानं त्याच अक्षरावर परत ठोकून ठोकून दुरुस्त केलंय, तिथं पत्रा जरा खोलगट झालाय. बोट फिरवलं की कळतं. मला ते चुकलेलं अक्षर फार आवडतं, रोज चरवी पुसताना तिथं बोट थांबतंच.

दुसरी एक कासंडी आहे. किल्लारीच्या बाजूच्या गावातली, माझ्या सासुरवाडीची. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात घर बसलं, माळवदाचं घर, दगडमातीच्या जाड भिंती. चार दिवसांनी ढिगारा उपसताना ही वर आली, एका बाजूनं चेपलेली. सासूबाईंनी त्यात परत कधी दूध काढलं नाही, पण मोडीतही दिली नाही, फडताळात मागं ठेवून दिली. मला देताना म्हणाल्या, "जावईबापू, हिला ठोकून सरळ करू नका." कल्हईवाला दरवेळी विचारतो, सर ठोकू का. मी म्हणतो नको.

गंजगोलाई
डबासाहेब, वाचून गप्प बसलो थोडा वेळ.

रोखठोक_बीडकर
सगळ्यांची माफी मागून जरा कडू बोलतो. हे सगळं भंगार आहे. आमच्या वडलांनी चाळीस वर्षं असलंच गोळा केलं, कंदील, कुलपं, निजाम रेल्वेचा दिवा, रेडिओ सहा, त्यातला एकही वाजत नव्हता. ते गेल्यावर तीन खोल्या रिकाम्या करायला आम्हा दोघा भावांना अकरा दिवस लागले आणि धुळीनं मला दमा सुरू झाला. कुणाला काय द्यायचं, कशाची काय गोष्ट, काही सांगून गेले नाहीत. शेवटी टेम्पो बोलावला. तुम्ही लोक आनंद आनंद म्हणता, तो आनंद नंतर कुणाला तरी उचलावा लागतो.

पितळी_डबा
बीडकर, खरं बोललात, राग नाही. मी तुमचं वाचून आजच एक वही केली. कुठून आलं, कुणाचं, किती दिलं, गोष्ट काय, चार ओळी. पोरांनी टेम्पो बोलावला तरी वाचून तरी बोलावतील.

आणि तो निजाम रेल्वेचा दिवा टेम्पोत गेला हे वाचून पोटात कालवलं. हैदराबाद-मनमाड लाईन आपल्याकडं १९०० च्या आसपासची, नांदेड, परभणी, जालना करत येणारी, मीटरगेज. त्यावेळचे पितळी दिवे अन् कुलपं आता बघायला मिळत नाहीत.

रोखठोक_बीडकर
तेव्हा कुठं माहीत होतं. नंतर कळलं.

मामींची_सून
टेम्पोवरून आठवलं. आमच्या घरी दोन पैठण्या होत्या, एक काळी चंद्रकळा, लाल काठाची, आणि एक राघू म्हणजे पोपटी. नऊवारी, वजनाला अशा की मांडीवर घेतल्या तर पाय बधिर. मी सातवीत असताना दुपारच्याला गल्लीत हाळी आली, "जुन्या जरीच्या साड्या, जर, जर", आणि मामींनी (सासूबाई नव्हेत, माझ्या आईच्या मामी, घरात सगळे मामीच म्हणायचे) दोन्ही देऊन टाकल्या. पदर जिरला होता, घडीवर चिरत होता, कोण नेसणार. त्या माणसानं तिथंच ओट्यावर बसून कात्रीनं काठ आणि पदर कापून घेतले, मधलं रेशमी कापड परत दिलं! म्हणजे त्याला साडी नकोच होती, चांदी पाहिजे होती, जर जाळून चांदी काढतात. बदल्यात पैसे आणि वर एक स्टीलचं पातेलं.

पातेलं अजून आहे. त्यात आम्ही साबुदाणा भिजवतो. मला त्या पातेल्याचा अजून राग येतो.

कोष्टीआळी
किती घरांची हीच गोष्ट. जुनी जर म्हणजे चांदीची तार, वरून सोन्याचं पाणी. म्हणून ती काळसर पडते. तांब्याची नकली जर असेल तर लालसर होते, हिरवट चढते. कुणाकडं अजून जुनी पैठणी असेल तर एवढं बघा, पदर उलटून मागची बाजू बघायची. खऱ्या विणीत मोर काय, मुनिया काय, आसावली वेल काय, दोन्हीकडून जवळपास सारखीच दिसते, मागं लोंबणारे धागे नाहीत, कारण प्रत्येक रंगाची कांडी वेगळी आणि ती तिथल्या तिथं शेजारच्या धाग्यात अडकवून मागं फिरवतात. मागं धाग्यांची जाळी दिसली की समजायचं मशीन. २०१० मध्ये पैठणीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, तरी दुकानात सगळंच पैठणी म्हणून खपतं ते सोडा.

ठेवायचं म्हणाल तर धुतलेलं जुनं मलमल, त्यात गुंडाळून. प्लास्टिक नको, हँगर नको, डांबरगोळी जरीला टेकू द्यायची नाही, अत्तर तर अजिबात नाही. दोन-तीन महिन्यांनी घडी बदलायची, दरवेळी मोड वेगळ्या जागी. आमची आज्जी वाळलेला कडुलिंबाचा पाला पुरचुंडीत बांधून ठेवायची, मीही तेच करते.

आजोबांचा_कोट
मी इथला सगळ्यात लहान असेन बहुतेक, २३ पूर्ण. मला जपून ठेवायला आवडत नाही, घालायला आवडतं. आजोबांचा लोकरीचा कोट कॉलेजच्या गॅदरिंगला घातला, बाहीला कसर लागलेली होती तिथं रफू करून घेतलं, सगळे विचारत होते कुठून घेतला. आणि मनगटावर पप्पांना लग्नात मिळालेलं एचएमटी जनता घड्याळ, चावीचं, डायलवर नाव देवनागरीत. रोज सकाळी चावी द्यायची, साधारण सारख्याच वेळेला, आता ती सवयच लागलीये, ब्रश करतानाच देतो.

पण एक सांगतो, एचएमटी ऑनलाइन घेताना फसू नका. मी पायलट मॉडेल म्हणून एक घेतलं, डायल निळाशार, नवाकोरा, मी खुश. घड्याळजीनं भिंग लावलं आणि हसायलाच लागला. डायल परत छापलेलं, अक्षरं फुगलेली, काटे तिसऱ्याच घड्याळाचे. म्हणे "बेटा, ये तो खिचडी है." एचएमटीची घड्याळं बंद करायचं सरकारनं २०१६ मध्ये ठरवलं तेव्हापासून खिचडी जोरात आहे. जुन्या घड्याळाचं डायल फार ताजं दिसलं तर संशय घ्यायचा, थोडं पिवळं पडलेलं बरं.

हाली_सिक्का
खिचडीवरून आमच्या नाण्यांच्या दुनियेतली गंमत सांगतो. एक पाव्हणे मला नाणं दाखवायला आले, म्हणे सातशे वर्षांपूर्वीचं आहे, तुघलकाचं, त्यावर १३४० साल लिहिलंय, मौलवीसाहेबांकडून आकडा वाचून घेतला, आणि दिलेत अकरा हजार. बघितलं तर एका बाजूला चारमिनार! १३४० हे हिजरी साल हो, म्हणजे १९२१-२२. तुघलकाच्या काळात चारमिनार कुठला, तो १५९१ चा. पाव्हण्यांना चहा पाजला, दुसरं काय करणार.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आपल्या भागात निजामाचं स्वतःचं चलन होतं, हाली सिक्का. इंग्रजी सहा रुपयाला हाली सात असा साधारण हिशोब. नाण्यावरच्या चारमिनारच्या दारात बारीक फारसी अक्षर असतं, निजाम मीर महबूब अलीच्या नाण्यात मीम, उस्मान अलीच्या नाण्यात ऐन. भिंगानं ते अक्षर शोधायचं हा माझा रविवारचा कार्यक्रम. सप्टेंबर १९४८ नंतर हैदराबाद संस्थान गेलं तरी हे चलन काही वर्षं चाललं, १९५९ पर्यंत. माझी आज्जी साठ सालानंतरही बाजारात "हाली का कलदार?" (म्हणजे निजामी का इंग्रजी रुपया) असं विचारायची म्हणे, आणि भाजीवाली पण तिच्याच वयाची असल्यामुळं दोघींना कळायचं.

आणि ते १८१८ सालचं हनुमानाचं, रामदरबाराचं "ईस्ट इंडिया कंपनीचं नाणं" कुणी लाखाला विकत असेल तर हात जोडून निघून या. कंपनीनं देवांची असली नाणी कधी पाडली नाहीत, ती यात्रेतली टोकन आहेत. तांदूळ ओढणारं भांडं, म्हणजे ते राइस पुलर, हाही तसलाच धंदा, आपल्या जिल्ह्यांत लोकांनी त्यापायी जमिनी विकल्यात. रिझर्व्ह बँकेनं २०२१ मध्ये जाहीर सांगितलं होतं की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीत आमचा काही संबंध नाही, आमच्या नावानं कुणी फी मागितली तर देऊ नका.

गोदाकाठ
हाली सर, एक विचारू का, आमच्या पैठणकडच्या शेतात पावसाळ्यानंतर बारकी शिशाची नाणी निघतात, मणी निघतात. चुलतभाऊ म्हणतो ऑनलाइन टाकू.

हाली_सिक्का
अजिबात टाकू नका. जमिनीत सापडलेल्या धनाला १८७८ चा कायदा आहे, दहा रुपयांच्या वर किंमत असली की कलेक्टरला कळवावं लागतं. शिवाय १९७२ चा पुरावस्तू कायदा, शंभर वर्षांवरची वस्तू पुरावस्तू, हस्तलिखित असेल तर ७५ वर्षं. धंदा करायचा तर परवाना, मूर्ती वगैरे असेल तर नोंदणी, आणि देशाबाहेर न्यायची तर बंदीच. म्हणजे वरच्या कुणाची शंभर वर्षांची पैठणी अमेरिकेतल्या भाचीच्या बॅगेत घालायची असेल तर तेही जमत नाही.

जमवायचं कसं हे बघायचं असेल तर धाराशिवकडच्या तेर गावाला जा. रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावात मिळणाऱ्या वस्तू गोळा केल्या, मातीच्या मूर्ती, मणी, नाणी, त्याचं आज सरकारी संग्रहालय आहे. तिथली हस्तिदंती बाई बघाच, तशाच घडणीची एक १९३८ मध्ये पार इटलीत पाँपेईला सापडली. पैठणलाही बाळासाहेब पाटलांचा संग्रह आहे, तुमच्या तर शेजारीच.

गोदाकाठ
पैठणचा असून गेलो नाही. लाज वाटली. जातो.

तांड्यावरची_मॅडम
सगळं वाचतेय, छान चाललंय, पण एक बोचलं ते लिहिते. मी किनवटकडची, बंजारा. मागच्या महिन्यात एका प्रदर्शनात माझ्या आजीसारखी काचळी, म्हणजे आमची चोळी, काचेच्या पेटीत आणि बाजूला पाटी, "दुर्मिळ अँटिक". अहो आजी अजून घालते! फेट्या म्हणजे घागरा, काचळी, टुकरी म्हणजे ओढणी, केसात घुगरी-टोपली, हातात कोपराच्या वरपर्यंत बलिया म्हणजे बांगड्या. एका फेट्याला आरसे, कवड्या, टाके घालायला तिला दोन उन्हाळे लागले, तेही शेतातून आल्यावर. व्यापारी येतात, जुनं आहे, फाटलंय म्हणून मातीमोल नेतात आणि शहरात त्याचे तुकडे करून पर्सला लावतात. घ्यायचं तर घ्या, पण शिवणारीला विचारून, तिचं नाव लिहून, आणि पैसे नीट देऊन घ्या. पितळी डबा सरांची वही मला म्हणून आवडली.

वाकळवाली
मॅडम, माझ्याकडं अशी एक पर्स आहे. आरशांची. मी कौतुकानं घेतली होती. आता ती बघताना वेगळं वाटेल.

तांड्यावरची_मॅडम
असू द्या ताई, वापरा. पुढच्या वेळी आमच्याकडून घ्या, आजी घासाघीस करू देत नाही मात्र.

गंजगोलाई
वाकळीचं काय झालं पण? मूळ मुद्दा राहिला.

वाकळवाली
सांगते. आठ दिवस तुकडा मलमलमध्ये ठेवला, रोज काढून बघत होते. मग फोटो आत्याला पाठवला, आत्या ८१ वर्षांच्या, उदगीरला. त्यांना व्हॉट्सॲप जमत नाही, नातवानं दाखवला. पाच मिनिटांत फोन.

"ती गोल कड कशाची म्हणून काय विचारायलीस, कुंची हाय ती."

कुंची! लहान बाळाची. गोल भाग डोक्यामागचा, नेफ्यात नाडी, ती ओढली की चुण्या पडून गोल टोपडं होतं. आजोबांच्या शेरवानीचं कापड उरलं होतं, त्यातून आज्जीनं स्वतः शिवली. आधी मोठे काका, मग आत्या, मग माझे वडील, मग दोन काका, अशी सगळ्यांनी घातली. आत्या म्हणाल्या, "शेवटी बबनला घातली. सव्वा महिन्याचा होता. तो गेल्यावर मायनं पाठीवरचा भाग फाडून टाकला आन् डोक्याचा वाकळीत घातला. कुणाला दिसूबी नाही आन् घरातून जाऊबी नाही."

बबन हे नाव मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. वडलांना विचारलं तर त्यांनाही अंधुक.

फ्रेम नाही केली. काल दुपारी तुकडा होता तिथंच, चौथ्या थरात ठेवला आणि कोपरा परत शिवला. कोष्टीआळी ताईंना विचारून सुती दोरा घेतला, रेशीम कापेल म्हणून पॉलिस्टर नाही. आज्जीचा धावदोरा आणि माझा शेजारी शेजारी आलाय, तिचा टाका गव्हाएवढा, माझा ज्वारीच्या कणसाएवढा. नवरा शेजारी बसून सुई ओवून देत होता, त्याला चष्मा लागत नाही अजून.

पितळी डबा सर, वहीत पहिल्या पानावर हेच लिहिलंय.

कोष्टीआळी
धुऊ नका हं. फक्त सावलीत वारं द्या.

वाकळवाली
हो ताई. नाही धूत.

नवा_मेंबर_७७
नमस्कार, माझ्याकडं हनुमानाचं १८१८ सालचं नाणं आहे, कुणाला हवंय का, किंमत फोनवर बोलू.

गंजगोलाई
अहो भाऊ, धागा तरी वाचा वरून.